एका वॉटचा गिटार ॲम्प्लिफायर : व्हॉल्व्ह, दीड घाताचा नियम आणि आपले कान

१९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. पुढच्या दोन-तीन दशकांत रेडिओ, टेपरेकॉर्डर, दूरचित्रवाणी संच अशा एकेका उपकरणातून काचेचा, तापणारा, नाजूक व्हॉल्व्ह हद्दपार झाला. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून मात्र तो अजून गेलेला नाही. आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथे व्हॉल्व्ह तयार होतात आणि त्यांतील मोठा वाटा गिटारवादकांकडे जातो. जुन्याची हौस एवढेच याचे कारण आहे, की त्यामागे काही भौतिकशास्त्रही आहे?

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांबरोबर या प्रश्नाचा पाठपुरावा करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे असा एक छोटा ॲम्प्लिफायर कागदावर रचून पाहणे. त्यासाठी लागते ते ओहमच्या नियमाइतकेच गणित आणि व्हॉल्व्हविषयीचा आणखी एक नियम. या लेखात आपण सुमारे एका वॉटचा ॲम्प्लिफायर रचू. एकच वॉट का, हेही हिशेबानेच ठरवू. शेवटी, या रचनेचा पाया असलेला नियम वर्गात बॅटरीवर, कोणताही धोका न पत्करता कसा तपासता येईल ते पाहू.

व्हॉल्व्ह काय करतो?

निर्वात केलेल्या काचेच्या नळीत एक धातूची नलिका तापवली, की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ही नलिका म्हणजे ऋणाग्र किंवा कॅथोड. तिच्याभोवती एक पत्रा असतो, त्याला प्लेट म्हणतात. प्लेटला धन दाब दिला की इलेक्ट्रॉन तिच्याकडे खेचले जातात आणि नळीतून प्रवाह वाहतो. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचा १९०४ सालचा व्हॉल्व्ह एवढाच होता. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये कॅथोड आणि प्लेट यांच्यामध्ये तारेची एक जाळी बसवली. ही जाळी म्हणजे ग्रिड. ग्रिड कॅथोडच्या अगदी जवळ असल्यामुळे तिच्यावरील थोड्याशा ऋण दाबानेही इलेक्ट्रॉनांची वाट अडते. शेतातल्या पाटाचे दार बोटभर वरखाली केले, तरी पाण्याचा मोठा प्रवाह बदलतो, तसेच हे आहे. दार हलवायला लागणारे श्रम नगण्य असतात, पण त्यामुळे बदलणारे पाणी पुष्कळ असते.

गिटारच्या तारांखाली चुंबकावर बारीक तारेचे हजारो वेढे घेतलेले वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात सुमारे दहाव्या हिस्सा व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब निर्माण होतो. तार जोरात छेडली, तर क्षणभर तो याच्या काही पट होतो. हा दाब ग्रिडला दिला की प्लेटचा प्रवाह त्याच तालावर कमीजास्त होतो. प्लेटच्या मार्गात मोठा रोध ठेवला, तर त्याच्या दोन टोकांत हाच संदेश अनेक पट मोठा होऊन मिळतो. ॲम्प्लिफायरचे सारे तत्त्व एवढ्यात आले.

दोष की गुण?

आदर्श ॲम्प्लिफायरने आत येणाऱ्या लहरीचा आकार जसाच्या तसा ठेवून फक्त आयाम वाढवावा. कोणताही खरा ॲम्प्लिफायर हे पूर्णपणे साधू शकत नाही. ग्रिडचा दाब आणि प्लेटचा प्रवाह यांचा आलेख सरळ रेषा नसून वक्र असतो. त्यामुळे लहरीचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग सारखे वाढत नाहीत. लहरीचा आकार असा बदलला की मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे नवे उपस्वर त्यात मिसळतात. यालाच विरूपण म्हणतात.

गिटारची पाचवी तार मोकळी वाजवली की ११० हर्ट्झचा स्वर निघतो. त्याला आपण सा मानू. विरूपणामुळे त्यात २२०, ३३०, ४४० आणि ५५० हर्ट्झ मिसळले, तर काय ऐकू येईल? २२० म्हणजे वरचा सा, ३३० म्हणजे त्याच्या वरचा पंचम, ४४० म्हणजे आणखी वरचा सा आणि ५५० म्हणजे गंधार. तंबोऱ्यात गायकांना जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो असाच पाचपट वारंवारतेचा उपस्वर असतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला विशिष्ट उतार देऊन जवारी काढतात, ती असे उपस्वर खुलावेत म्हणूनच. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा हा गुण १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तपासला होता. जवारीचे काम तार आणि घोडी यांच्या स्पर्शाने होते, व्हॉल्व्हचे काम वक्र आलेखाने होते. दोन्हींची यंत्रणा वेगळी आहे, पण कानाला लागणारी गोडी उपस्वरांचीच असते.

व्हॉल्व्हला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलले, तर लहरीची टोके छाटली जाऊ लागतात. संदेश वाढत जातो तसतसे हे छाटणे हळूहळू वाढते. त्यामुळे वादकाला बोटाच्या जोरावर स्वराचा पोत बदलता येतो. हलक्या हाताने छेडले तर स्वच्छ स्वर, जोराने छेडले तर जाड, खरखरीत स्वर. गाणे ऐकण्यासाठीच्या ॲम्प्लिफायरमध्ये जे टाळायचे, ते गिटारचा ॲम्प्लिफायर वाद्याचा भाग म्हणून वापरतो.

याची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. दोन स्वर एकाच वेळी वाजवले, तर वक्र आलेखामुळे त्यांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या वारंवारताही निर्माण होतात. सा आणि पंचम, म्हणजे ११० आणि १६५ हर्ट्झ घेतले, तर ५५ आणि २७५ मिळतात. ११०, १६५ आणि २७५ हे तिन्ही ५५ च्याच पटीत असल्याने ते एकमेकांत मिसळून जातात आणि खर्ज भरल्यासारखा वाटतो. अधिक गुंतागुंतीचा स्वरमेळ घेतला की मात्र गोंगाट होतो. विरूपित आवाजात वाजवणारे वादक षड्ज-पंचमाची जोडी का पसंत करतात, याचे उत्तर या साध्या बेरीज-वजाबाकीत आहे.

किती वॉट हवेत?

आता खरी अडचण येते. हा पोत हवा असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण शक्तीच्या आसपास चालवावा लागतो. पूर्ण शक्ती ५० वॉट असेल, तर त्या वेळी आवाज किती होईल?

गिटारसाठीच्या एखाद्या कार्यक्षम स्पीकरला एक वॉट दिला की एक मीटर अंतरावर सुमारे ९५ डेसिबेल आवाज मिळतो. शक्ती दसपट झाली की आवाज १० डेसिबेलने वाढतो आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५० वॉटचा ॲम्प्लिफायर ५ वॉटच्या दसपट नव्हे, फक्त दुप्पट मोठा वाटतो. आता हिशेब मांडू. ५० वॉटला ११२ डेसिबेल, ५ वॉटला १०२ डेसिबेल, ०.८ वॉटला ९४ डेसिबेल.

अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेलचा आवाज दिवसातून ८ तास चालेल. त्यापुढे दर ३ डेसिबेलला हा वेळ निम्मा करायचा. या नियमाने ९४ डेसिबेलला १ तास मिळतो, १०२ डेसिबेलला १० मिनिटेही मिळत नाहीत आणि ११२ डेसिबेलला एक मिनिटसुद्धा नाही. आतील कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून घरात रोज तासभर सराव करणाऱ्या मुलाला ५ वॉटचा ‘छोटा’ ॲम्प्लिफायरही मोठाच आहे. एका वॉटच्या आत राहिलो, तर पोत मिळेल आणि कानही वाचतील. आपल्या रचनेचे उद्दिष्ट असे ठरले.

पुस्तिकेतून सुरुवात

लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांच्या कंपनीने १९५० च्या दशकात ‘चॅम्प’ नावाचा लहान ॲम्प्लिफायर विकला. त्यात तीनच व्हॉल्व्ह होते : संदेश वाढवणारा १२एएक्स७, स्पीकरला शक्ती देणारा ६व्ही६ आणि प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह करणारा ५वाय३. शक्ती सुमारे ५ वॉट. घरी ॲम्प्लिफायर करणारे अनेक जण आजही याच परिपथापासून सुरुवात करतात. आपणही तसेच करू, फक्त तिसऱ्या व्हॉल्व्हऐवजी सिलिकॉन डायोड वापरू.

६व्ही६ मध्ये ग्रिडच्या पुढे आणखी एक जाळी असते, तिला स्क्रीन ग्रिड म्हणतात. तिला धन दाब दिलेला असतो, त्यामुळे प्लेटचा दाब खाली गेला तरी इलेक्ट्रॉनांची ओढ टिकून राहते. या व्हॉल्व्हसाठी उत्पादकांच्या पुस्तिकेत पुढील बिंदू सुचवलेला असतो : प्लेट आणि स्क्रीन २५० व्होल्ट, ग्रिड उणे १२.५ व्होल्ट, प्लेटचा प्रवाह ४५ मिलिअँपिअर, स्क्रीनचा ४.५ मिलिअँपिअर, भार ५,००० ओहम, मिळणारी शक्ती ४.५ वॉट, विरूपण सुमारे ८ टक्के.

हे आकडे पटतात का? संदेश नसताना प्रवाह ४५ मिलिअँपिअर आहे. संदेश आल्यावर तो फार तर शून्यापर्यंत खाली आणि ९० पर्यंत वर जाईल, म्हणजे आयाम ४५ मिलिअँपिअर. आयामाचा वर्ग गुणिले भार भागिले दोन, हे सूत्र वापरले तर ०.०४५ × ०.०४५ × ५,००० ÷ २ = सुमारे ५ वॉट. पुस्तिकेतील ४.५ वॉट यास धरून आहेत.

दीड घाताचा नियम

आपल्याला मात्र ४.५ वॉट नकोत, एका वॉटहून थोडी कमी शक्ती हवी. पुस्तिकेत असा बिंदू दिलेला नाही. येथे व्हॉल्व्हचा एक मूलभूत नियम मदतीला येतो.

तापलेल्या कॅथोडभोवती इलेक्ट्रॉनांचा एक ढग जमतो. ढगातील इलेक्ट्रॉन नव्याने निघणाऱ्यांना मागे लोटतात. या ढगातून किती इलेक्ट्रॉन पार जातील, याचे गणित सी. डी. चाइल्ड यांनी १९११ मध्ये आयनांसाठी मांडले आणि अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१३ मध्ये इलेक्ट्रॉनांसाठी. निष्कर्ष असा, की प्रवाह दाबाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. तारेच्या रोधात दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो. व्हॉल्व्हमध्ये मात्र तो २.८३ पट होतो, कारण २ चा दीड घात म्हणजे २ गुणिले २ चे वर्गमूळ. अट एकच : प्लेट, स्क्रीन आणि ग्रिड या सर्वांचे दाब एकाच प्रमाणात बदलले पाहिजेत.

तर मग सर्व दाब निम्मे करू. प्लेट आणि स्क्रीन १२५ व्होल्ट, ग्रिड उणे ६.२५ व्होल्ट. प्लेटचा प्रवाह ४५ ÷ २.८३ = सुमारे १६ मिलिअँपिअर, स्क्रीनचा १.६ मिलिअँपिअर. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह, म्हणून ती २ × २.८३ = ५.६६ पटीने घटेल : ४.५ ÷ ५.६६ = ०.८ वॉट. हवी होती तेवढीच! भार म्हणजे दाब भागिले प्रवाह, म्हणून तो २.८३ ÷ २ = १.४१ पटीने वाढेल आणि ५,००० चा सुमारे ७,००० ओहम होईल. विरूपणाचे प्रमाण जवळपास तेच राहील, कारण आलेखाचा आकार तोच आहे, तो फक्त लहान मापात काढला आहे. प्लेटवर खर्च होणारी शक्ती १२५ × ०.०१६ = २ वॉट. ६व्ही६ ची मर्यादा १२ वॉट आहे, तेव्हा व्हॉल्व्ह अगदी निवांत चालेल.

ग्रिडला उणे ६.२५ व्होल्ट देण्यासाठी वेगळी बॅटरी लागत नाही. ग्रिड २२० किलोओहमच्या रेझिस्टरने जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडायचा आणि कॅथोडच्या मार्गात एक रेझिस्टर ठेवायचा. त्यातून १७.६ मिलिअँपिअर वाहिले की कॅथोड वर उचलला जातो. मग ग्रिड त्याच्या मानाने आपोआप ऋण होतो. ६.२५ ÷ ०.०१७६ = ३५५ ओहम. बाजारात ३६० ओहमचा मिळतो. त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की संदेशाला हा रोध जाणवत नाही.

मधला दुवा : ट्रान्सफॉर्मर

व्हॉल्व्हला ७,००० ओहमचा भार हवा आणि स्पीकर ८ ओहमचा आहे. एवढी तफावत ट्रान्सफॉर्मर मिटवतो. वेढ्यांचे गुणोत्तर ३० असेल तर दाब ३० पटीने उतरतो आणि प्रवाह ३० पटीने चढतो. म्हणून ८ ओहमचा रोध व्हॉल्व्हला ३० × ३० × ८ = ७,२०० ओहम भासतो. मुलांना ही गोष्ट नेहमीच नवलाची वाटते. वेढ्यांचे गुणोत्तर आणि रोधांचे गुणोत्तर यांत वर्गाचा संबंध का आहे, हे त्यांनाच काढायला सांगावे.

या ट्रान्सफॉर्मरमधून १६ मिलिअँपिअरचा एकदिश प्रवाह सतत वाहतो. त्यामुळे गाभ्याचे चुंबकन एकाच दिशेने होऊन तो संपृक्त होऊ शकतो. ते टाळण्यासाठी गाभ्याच्या पट्ट्यांमध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात, जिथे इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात, तिथे ट्रान्सफॉर्मरची चौकशी करताना ‘एका व्हॉल्व्हसाठी, गॅप ठेवलेला’ असे स्पष्ट सांगावे.

आणखी एक गोष्ट. प्रवाहाचा आयाम १६ मिलिअँपिअर आणि भार ७,००० ओहम, तर प्लेटच्या दाबाचा आयाम ११२ व्होल्ट होतो. म्हणजे प्लेट १३ व्होल्टपर्यंत खाली आणि २३७ व्होल्टपर्यंत वर जाते, जरी पुरवठा १३५ व्होल्टचाच असला तरी! वरचा दाब येतो तो वेटोळ्याच्या चुंबकक्षेत्रात साठलेल्या ऊर्जेतून. स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर वाजवला, तर या ऊर्जेला वाटच उरत नाही. दाब बेसुमार चढून ट्रान्सफॉर्मरचे आवरण जळू शकते. म्हणून स्पीकर आधी जोडायचा, मगच वीज द्यायची.

पहिला व्हॉल्व्ह

६व्ही६ ला पूर्ण शक्तीसाठी ग्रिडवर ६.२५ व्होल्ट आयामाचा संदेश हवा आणि पिकअप देतो दहावा हिस्सा व्होल्ट. मधले काम १२एएक्स७ करतो. युरोपीय पद्धतीत याचेच नाव ईसीसी८३. एका काचेत दोन स्वतंत्र ट्रायोड असतात. प्रत्येकाच्या प्लेटला १०० किलोओहम आणि कॅथोडला १.५ किलोओहम ही सर्वपरिचित जोडी आपण घेऊ. पुरवठा सुमारे १२० व्होल्ट असताना प्रवाह ०.४ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. म्हणजे १०० किलोओहममध्ये ४० व्होल्ट पडतात, प्लेट ८० व्होल्टवर राहते आणि कॅथोड ०.६ व्होल्टवर.

पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडला २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की विवर्धन सुमारे ४० पट मिळते. दुसऱ्याला तो जोडायचा नाही. मग कॅथोडच्या रोधातच थोडा संदेश खर्च होतो आणि विवर्धन २० पटीवर येते. दोघांचे मिळून ८०० पट. ६.२५ ÷ ८०० = सुमारे ८ मिलिव्होल्ट. म्हणजे आवाजाचे बटन पूर्ण उघडले, तर ८ मिलिव्होल्टलाच पूर्ण शक्ती मिळेल. गिटार याच्या दसपटीहून अधिक देते. हे जास्तीचे विवर्धन मुद्दाम ठेवलेले आहे. दोन ट्रायोडांच्या मध्ये १ मेगओहमचा लॉग प्रकारचा व्हॉल्यूम कंट्रोल बसवायचा. तो अर्ध्यावर असताना साधारण दहावा हिस्सा संदेश पुढे जातो. म्हणून अर्ध्यापर्यंत स्वर बऱ्यापैकी स्वच्छ राहील आणि त्यापुढे विरूपण वाढत जाईल.

एका टप्प्याच्या प्लेटवरून पुढच्या ग्रिडकडे जाताना एकदिश दाब अडवण्यासाठी ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवतात. तो आणि २२० किलोओहम मिळून सुमारे ३३ हर्ट्झच्या खालचा आवाज कमी करतात. गिटारची सर्वांत खर्जाची मोकळी तार ८२ हर्ट्झची असल्याने गिटारचे काही हरवत नाही.

वीजपुरवठा आणि घुमघुम

घरातील २३० व्होल्टवरून १०० व्होल्ट आणि ६.३ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. तापतंतूंना ६.३ व्होल्टवर ०.४५ + ०.३ = ०.७५ अँपिअर लागतो, तेव्हा तो भाग १ अँपिअरचा असावा. १०० व्होल्टचे शिखर १४१ व्होल्ट. चार डायोडांच्या पुलानंतर, भार पडल्यावर, १३० ते १३५ व्होल्ट मिळतात. १२५ प्लेटसाठी, ६ कॅथोडसाठी आणि थोडे ट्रान्सफॉर्मरच्या तारेत, असा हा हिशेब जुळतो.

५० हर्ट्झच्या विजेचा पूर्ण तरंग एकदिश केला की सेकंदाला १०० हेलकावे उरतात. पहिल्या ४७ मायक्रोफॅरडवर हा हेलकावा सुमारे ४ व्होल्टचा असतो. प्लेटला तो फारसा बाधत नाही, पण स्क्रीनला बाधतो. म्हणून स्क्रीनच्या आधी १ किलोओहम आणि आणखी ४७ मायक्रोफॅरड घालायचे. १०० हर्ट्झला या कपॅसिटरचा अवरोध ३४ ओहम असल्याने हेलकावा तीसएक पटीने घटतो. १२एएक्स७ साठी पुढे १० किलोओहम आणि २२ मायक्रोफॅरड घातले, की तो १ मिलिव्होल्टच्या घरात येतो. जिथे संदेश सर्वांत लहान, तिथे गाळणी सर्वांत बारीक, असे येथील सूत्र आहे.

जिवाचा प्रश्न

येथे थोडे थांबू. १३५ व्होल्टचा एकदिश दाब माणसाचा जीव घेऊ शकतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरांत तो साठून राहतो. म्हणून पहिल्या कपॅसिटरला समांतर १०० किलोओहम, १ वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडावा. तो सुमारे मिनिटभरात सगळा साठा रिता करतो. तरीही हात घालण्यापूर्वी मीटरने दाब मोजून पाहावा.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा केबलच्या मार्गे ॲम्प्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि त्या तारांना वादकाचा हात सतत लागलेला असतो. सांगाड्यात वीज उतरली, तर ती थेट वादकापर्यंत पोहोचते. म्हणून तीन पिनांची वायर, खात्रीचे अर्थिंग, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे बटन आणि २०० मिलिअँपिअरचा फ्यूज यांत काटकसर चालणार नाही.

जुना व्हॉल्व्ह रेडिओ मिळाला तर त्याचाच ॲम्प्लिफायर करावा, असे अनेकांना सुचते. तेव्हा आधी व्हॉल्व्हची नावे वाचावीत. युरोपीय पद्धतीत, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या अनेक व्हॉल्व्हवरही, पहिले अक्षर तापतंतूविषयी सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरवर एकापुढे एक जोडण्याचा तंतू. ‘यू’ मालिकेच्या रेडिओंत बहुधा विलग करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि सांगाडा थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. अशा संचाला गिटार कधीही जोडू नये.

आमची शिफारस अशी : आराखडा आणि गणित विद्यार्थ्यांनी करावे. १३५ व्होल्टची जोडणी आणि चाचणी मात्र असे काम येणाऱ्या मोठ्या माणसाने करावी. वर्गासाठी पुढचा प्रयोग आहे.

वर्गातील प्रयोग

१२एयू७, म्हणजेच ईसीसी८२, हा व्हॉल्व्ह आणि त्याची नऊ पिनांची बैठक घ्यावी. ४ आणि ५ या पिनांना १२ व्होल्टची बॅटरी जोडावी. तंतूला सुमारे १५० मिलिअँपिअर लागतात. मिनिटभरात तो लालसर दिसू लागेल. पिन १ प्लेट, २ ग्रिड आणि ३ कॅथोड. ग्रिड कॅथोडलाच जोडावा. आता ९ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून प्लेटला क्रमाने ९, १८, २७ आणि ३६ व्होल्ट द्यावेत आणि मीटर वापरून प्लेटचा प्रवाह नोंदवावा. ३६ व्होल्टला तो दोन-तीन मिलिअँपिअर असेल.

ओहमच्या नियमाने ३६ व्होल्टचा प्रवाह ९ व्होल्टच्या चौपट यायला हवा. दीड घाताच्या नियमाने तो आठपट यायला हवा. प्रत्यक्षात नेमके आठ येणार नाही, कारण थोडे इलेक्ट्रॉन ग्रिडवरही उतरतात आणि धातूंच्या स्पर्शदाबाचाही परिणाम होतो. पण चार आणि आठ यांतील फरक आलेखावर स्पष्ट दिसेल. ज्या नियमाच्या भरवशावर आपण ४.५ वॉटचे ०.८ वॉट केले, तो असा हाताशी येतो.

नंतर ग्रिडला दोन घट आणि १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर वापरून शून्यापासून उणे ३ व्होल्टपर्यंत दाब द्यावा आणि प्लेटचा प्रवाह पुन्हा नोंदवावा. मिळणारा वक्र नीट पाहायला सांगावे. त्याचा वाकडेपणा म्हणजेच विरूपण.

विद्यार्थ्यांना विचारण्यासाठी काही प्रश्न :

१. सर्व दाब निम्मे करण्याऐवजी ०.८ पट, म्हणजे प्लेटला २०० व्होल्ट केले, तर शक्ती किती मिळेल आणि भार किती लागेल?

२. आपल्या ॲम्प्लिफायरला ८ ऐवजी १६ ओहमचा स्पीकर जोडला, तर व्हॉल्व्हला किती ओहमचा भार भासेल?

३. तापतंतूंना ६.३ व्होल्टवर ०.७५ अँपिअर आणि प्लेट-स्क्रीनकडे १३५ व्होल्टवर सुमारे १८ मिलिअँपिअर जातात. त्यांतून ०.८ वॉट आवाजासाठी मिळतात. कार्यक्षमता किती टक्के? उरलेली ऊर्जा कोठे जाते?

४. सरावाच्या खोलीत वादक स्पीकरपासून एक मीटरऐवजी दोन मीटरवर बसला, तर मोकळ्या जागेच्या नियमाने आवाज ६ डेसिबेलने कमी होतो. मग वर दिलेल्या शिफारशीनुसार त्याला रोज किती वेळ सराव करता येईल? बंद खोलीत हे उत्तर तसेच राहील का?